दत्तूबाबचा घरातला भोंगा

आमच्या सर्वण गावच्या दत्तूबाबने जत्रेतला भोंगा घरात बसवला होता. माडावर नव्हे, देवळावर नव्हे. चार पावलांच्या सोप्यात, आरामखुर्चीच्या समोर! तोंड एवढं मोठं की कोंबडीने आत अंडी घालायला बसावं, आणि एकदा बसलीही होती. दत्तूबाबने कॅसेट लावली तेव्हा ती जी उडाली, ती पुन्हा त्या घरात फिरकली नाही.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. कोकणी की मराठी यावरून आमच्या वस्तीत, वाड्यावर, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पण दत्तूबाबचा भोंगा कर्कश आहे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत! तसं सांगायला जावं, तर तो आपल्यालाच झाडायचा. "भोंगो बरो आसा. तुमचे कान कोवळे!"

शेजारी म्हणून सगळ्यात जास्त भोगलं ते मी. शाळेतून येऊन जरा आडवं व्हावं, की भिंतीपलीकडून सुरी फिरायला लागे. भांडलो, हात जोडले. शेवटी माझ्यासाठी म्हणून त्याने भोंग्यात रिकामं पोतं कोंबलं, भिंतींवर वाकळा टांगल्या, कॅसेट लावली, तोंड वाकडं केलं आणि पोतं ओढून काढलं.

"तिचो गळो दामल्यावरी दिसता," म्हणाला.

तिचो म्हणजे त्याच्या बायकोचा; पोत्याने तिचा गळा दाबल्यासारखा वाटला त्याला. सुमतीवहिनी धालोच्या मांडावर, म्हणजे बायका रात्री फेर धरून गातात त्या अंगणात, पहिली ओळ उचलायच्या. मांडावर पुरुषांना मज्जाव, म्हणून दत्तूबाबने जन्मभर बायकोचं गाणं कुंपणाआडून चोरून ऐकलं. शेवटी एकदा त्या रांधताना गात होत्या, तेव्हा त्याने ते टेपमध्ये पकडलं. पुढच्या धालोला वहिनी नव्हत्या.

हे ठाऊक असूनही माझं डोकं फिरलंच. म्हापशाहून लाकडी पेटीचा स्पीकर आणला. "दत्तूबाब, हा ऐका. लोणी आहे लोणी!" खरंच गोड वाजला, मलाच भरून आलं. दत्तूबाब मान पुढे काढून बसला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "मास्तर, हिचीं उतरां खंय गेलीं? नुसतें हुं हुं आयकतां."

गाण्याचे शब्द त्याला ऐकूच आले नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं हा माणूस खाणीवर दगड फोडणाऱ्या यंत्रापाशी उभा होता. कानांनी कधीच राम म्हटला होता. आम्हाला जे टोचत होतं, तेवढंच त्याच्यापर्यंत पोचत होतं. त्याने भोंगा जोडला. गाण्याच्या शेवटी वहिनी त्याला जेवायला हाक मारतात, "आयकलें मू? जेवण निंवता." दत्तूबाब हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटी उचलून घरी आलो, आणि त्या दिवसापासून कानात कापूस घालायला शिकलो.

वर्षभराने एका दुपारी त्याने हाक मारली. भोंगा कौलं उडवत होता. "मास्तर, पळयात! आवाज मोव जालो मरे!"

माझे कान फाटत होते. आणि याला आवाज मऊ झालेला वाटत होता! गाणं संपलं, वहिनी बोलल्या, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"कितें म्हणली ती?"

मी त्याच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "जेवण निंवता म्हणता!"

"परत म्हणात."

आता रोज शाळा सुटली की मी तिथे जातो आणि गाण्याची एकेक ओळ त्याच्या कानात ओरडतो. भोंगा बंद असतो. वाड्याची तक्रार मात्र चालूच आहे, की मास्तरांचा आवाज अलीकडे फार कर्कश झालाय.