सबनीस काका आणि नॉर्वेची पलटण

सबनीस काका कुठल्याही दारातून सरळ आत जात नाहीत. आधी थांबतात. तोंडातल्या तोंडात चार ठोके मोजतात आणि मग डावा पाय असा उचलतात की पलीकडे कोणी तरी सलामी घ्यायला उभं असावं. ईडन प्रेरीतल्या आमच्या इंडियन ग्रोसरीचं दार आपोआप उघडणारं आहे. काका मोजत असतात, दार बिचारं उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. मागे कोथिंबिरीसाठी आलेले लोक मिनेसोटाच्या जानेवारीत कुडकुडत उभे. मी एकदा म्हटलं, "काका, चला ना आत, नाक गळून पडेल माझं." ते शांतपणे म्हणाले, "थांब. ठेका येऊ दे."

हा ठेका नॉर्वेच्या एका लष्करी मार्चचा. कुठल्याशा पलटणीसाठी कोणी तरी फार पूर्वी रचलेला. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट लांबून हाक मारतो, मग सगळा बँड पावलं टाकत निघतो. मध्येच डोंगरातल्या गावची वाटावी अशी गोड चाल येते, तिच्याखाली एकच सूर भुंग्यासारखा घुमत राहतो, आणि मग पुन्हा सगळे चालू लागतात. आमच्या भागात बऱ्याच जणांचे पणजोबा नॉर्वेहून आलेले, त्यामुळे आमचा हौशी बँड दर उन्हाळ्यात तो वाजवतोच. त्या मंडळींना तो आता वरणभातासारखा झालाय, समोर आला की संपवतात. त्याच्या प्रेमात पडलेला माणूस एकच, आणि तो साताऱ्याचा.

त्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवते. म्हणजे माझ्या मुलीने ती सातवीत सोडली, आणि चांगली वस्तू पडून राहिलेली आमच्या घरात कोणाला बघवत नाही. काका सर्वांत मागे उभे राहून झांजा वाजवतात. सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड क्वालिटी इंजिनिअर, शर्टाच्या खिशात अजूनही मेजरिंग टेप.

संगीताची त्यांची कसोटी एकच. "ऐकल्यावर पाय आपोआप उचलला पाहिजे. नाहीतर ते संगीत काय कामाचं?" इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्याहून आलेल्या एका बाईंनी पाऊण तास यमन गायला. लोक भारावून उभे राहिले. काका स्टेजपाशी जाऊन त्यांना म्हणाले, "छान होतं हं. फक्त पाय काही उचलला नाही." बाई चहाचा कप घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

मागच्या गणपतीत तर कहर झाला. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये मिरवणूक उभी, मुलांच्या हातात लेझीम, आणि ज्यांच्या फोनमध्ये ढोल-ताशा होता ते गृहस्थ ट्रॅफिकमध्ये अडकलेले. काकांनी आपला फोन स्पीकरला जोडला. सांगायला लाज वाटते, पण लेझीम त्या मार्चवर अशी चपखल बसली की मुलं थांबेचनात. एक जण ओरडला, "काका, धिस इज सो गुड!" बाप्पा त्या वर्षी नॉर्वेच्या फौजेच्या थाटात मार्गस्थ झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी पुढे महिनाभर काकांशी अबोला धरला. काकांना ते कळलंच नाही.

त्यांच्या घरीही तोच मार्च, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. प्रत्येक दाराशी कार्पेटवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या, बरोबर एकेका पावलाच्या अंतरावर. घरात परेड ग्राउंड आखणारा नवरा पदरी पडलाय म्हणून मला नलूकाकूंची दया यायची. तशा मला त्या शिष्टच वाटायच्या. कधीही जा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या. उठून दारापर्यंत पोचवायला येणं नाही, आणि मंडळात तर दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही हे सगळं सहन कसं करता?"

त्या हसल्या. "सवत आणायचीच होती तर निदान मराठी तरी आणायची. ही नॉर्वेची. दिवसभर घरातच असते."

यंदा वसंतात बँडला मेगन नावाची नवी कंडक्टर आली. तरुण, उत्साही. पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं की उन्हाळ्याच्या कॉन्सर्टमध्ये सुपरहिरोंच्या सिनेमांचं संगीत वाजवू या, तो जुना मार्च लोकांनी फार वेळा ऐकलाय. पुढच्या रिहर्सलला काका लॅपटॉप घेऊन आले आणि त्यांनी अकरा स्लाइड दाखवल्या. 'मार्च रद्द केल्यास उद्भवणारे धोके' अशी एक स्लाइड होती. शेवटच्या स्लाइडवर फक्त एक आकडा होता, अठ्ठ्याण्णव.

"मिनिटाला अठ्ठ्याण्णव ठोके," काका म्हणाले. "नव्व्याण्णवही नको."

मेगनने मार्च ठेवला, अगदी पहिल्या नंबरावर. पण ठोके एकशे बारा. "इट्स अ मार्च, नॉट अ फ्युनरल," ती हसत म्हणाली आणि सगळा बँड हसला. मीही हसले.

रिहर्सल संपल्यावर काका पार्किंगमध्ये झांजांची पिशवी छातीशी धरून उभे होते. मला म्हणाले, "तू सांगून बघ ना तिला. नलू येणार आहे ऐकायला. दोन वर्षांनी कबूल झालीये." एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. मी मेगनशी बोलले. ती म्हणाली, "आय लव्ह हिम, बट नो."

कॉन्सर्टच्या दिवशी काकांना स्टेजवर लवकर पोचायचं होतं, म्हणून नलूकाकूंना आणायचं काम माझ्या नवऱ्याकडे, नितीनकडे आलं. तळ्याकाठचा पार्क, गवतावर मांडलेल्या खुर्च्या, आणि आत यायला एक लाकडी फाटक. ट्रम्पेटने हाक मारली. आम्ही निघालो, एकशे बाराने. दोन पानं सरली असतील, तेवढ्यात मला फाटकात नलूकाकू दिसल्या. हिरवी साडी, खाली पांढरे स्नीकर्स. त्या नुसत्याच उभ्या होत्या. मागे लोक साचत होते. नितीनने हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. कोणी तरी व्हीलचेअर आणली, तिलाही मान हलवली. त्या खाली आपल्या पायांकडे बघत होत्या आणि पाय हलत नव्हते.

आणि मग मागून झांजा वाजल्या. त्या ठिकाणी झांजा लिहिलेल्याच नव्हत्या. पुन्हा वाजल्या. पुन्हा. काका दर डाव्या पावलाला झांज हाणत होते आणि प्रत्येक वेळी थोडी उशिरा. एकशे बाराच्या बँडला त्यांनी मागून कॉलर धरून ओढलं. ट्युबा त्यांच्याबरोबर गेला, ड्रम गेला, आम्ही क्लॅरिनेटवाल्या तर वाट चुकायला टपलेल्याच असतो. मेगनने लाल चेहऱ्याने हात जोरजोरात हलवले. काका तिच्याकडे बघतच नव्हते. तिने त्यांची नजर जाते तिकडे वळून पाहिलं, आणि तिचा हात आपोआप सावकाश झाला.

काकूंचा डावा पाय उचलला. मग उजवा. फाटकातून त्या अशा आल्या की सलामी घ्यायला खरंच कोणी तरी उभं असावं. ती गावाकडची गोड चाल आली तेव्हा त्या अर्ध्या गवतावर होत्या. मार्च संपायला आला तरी खुर्ची दहा पावलं लांब होती, म्हणून मेगनने आम्हाला खुणेने शेवटचं पान पुन्हा घ्यायला लावलं. माझ्याकडून त्यात एकही सूर नीट निघाला नाही, कारण मी रडत होते.

नितीनने मला नंतर सांगितलं, त्याला काकूंनीच येताना गाडीत सांगितलं होतं. काकूंना पार्किन्सन्स आहे. दारात आल्या की पाय जमिनीला चिकटतात. ठेका ऐकला आणि पुढे पट्टी दिसली की सुटतात. काकांनी ढीगभर संगीत वाजवून पाहिलं होतं, अभंगांपासून लावण्यांपर्यंत. पाय उचलला तो याच मार्चवर, अठ्ठ्याण्णवला. कोणाला सांगायचं नाही अशी काकूंनी शपथ घातली होती. आणि दुकानाच्या दारात काका एकटेच मोजत उभे राहायचे, ते तिथे ठेका जमतो का हे बघायला, एखाद्या दिवशी काकूंना आणायचं म्हणून.

मी काकूंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली गवतावर बसले. शिष्ट म्हटल्याची माफी कशी मागायची ते सुचेना, कारण ते मी त्यांना कधी म्हटलंच नव्हतं. समोर काका झांजा पुसून पिशवीत ठेवत होते, बँडमधलं कोणी पाठ थोपटायला आलं की नुसते "सॉरी, सॉरी" म्हणत होते.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. "सवतच आहे," त्या म्हणाल्या, "पण हात धरून नेते मला."