पेडणेकर काकांची टॉर्च

पेडणेकर काकांशी साधं हस्तांदोलन करायची सोय नव्हती. तुम्ही हात पुढे केला की ते त्याच्याखाली टॉर्च लावत. "यल्ला, बघ! लाल दिसतंय ना? लाल उजेड मांसातून पार होतो. त्याच्या पुढचा नियर-इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा, तो तर आणखी खोल!" शारजात रोल्लातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, किराणावाला, घर दाखवायला आलेला एजंट, कुणीही यातून सुटलं नव्हतं.

हा माणूस अजमानला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. बायको, सुमन, गेली आणि तो चांगली नोकरी सोडून एका प्रयोगशाळेत शिरला. तिथे धुळीहूनही बारीक कण बनवी. ते सुईने अंगात सोडायचे, ते कॅन्सरच्या गाठीत जाऊन बसणार, न दिसणाऱ्या उजेडात कॅमेऱ्यापुढे चमकणार आणि वर तापून गाठही जाळणार. "उंदराची गाठ काजव्यासारखी दिसते रे, हबीबी!" जेवताना हे ऐकलं की घास तोंडातच फिरे.

मग मंदी आली. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गेली, काकांची प्रयोगशाळाही खलास झाली. महिनाअखेर त्यांनाही भारतात परत जायचं होतं. नेमकी तेव्हाच माझ्या बायकोच्या, मेघनाच्या, छातीत गाठ लागली.

रिपोर्टच्या दिवशी काका न सांगता हॉस्पिटलात हजर! मला धसकाच बसला, आता हे इथेही टॉर्च काढणार. नर्स दार उघडे आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारे. शेवटी मेघनानेच हात पुढे केला.

"काका, तुम्हीच बघा ना. तुमच्या उजेडात दिसेल."

काकांनी खिशात हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला.

"नाही गं. माझा उजेड अजून उंदराच्या पलीकडे गेलेला नाही. तुला खोटं कसं सांगू?" त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. टॉर्चशिवाय कुणाचा हात धरलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले. "आमच्या सुमनची गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. मी रंग ढवळत होतो."

आमचं नाव आलं. गाठ साधी निघाली. मेघना डॉक्टरांसमोरच रडली, मीही रडलो.

बाहेर येऊन काकांना सांगितलं. टॉर्च काढून त्यांनी स्वतःच्याच तळहाताखाली लावली आणि त्या लाल हाताकडे बघत म्हणाले, "सुमन, हिची साधी निघाली गं."