दर रविवारची बॅटरी

सलग चौथ्या रविवारी विकास कदमांनी किल्ली फिरवली आणि सलग चौथ्या रविवारी गाडीने एकदा खाकरून मौन धरलं. मागच्या सीटवर त्यांची पत्नी माधवी नवी साडी सावरून बसली होती. हैदराबादच्या मलकपेठेतल्या त्या गल्लीत गच्च्यांवर माणसं जमू लागली. त्या वर्षी केबल नुकतीच आली होती. पण कदमांची गाडी ढकलणं हा कार्यक्रम केबलहून सरस होता, शिवाय फुकट.

"जरा उतरतेस का?" विकास म्हणाले.

"अजिबात नाही. मागच्या रविवारी उतरले तर तुम्ही थेट चौकापर्यंत गेलात. मी चपला हातात घेऊन मागे पळत होते."

"थांबलो असतो तर परत बंद पडली असती ना!"

देशाने व्यापाराची दारं उघडली तसे बँकांनी आपल्या नोकरांसाठी कर्जाचे फॉर्म उघडले. आबिड्सच्या शाखेत कारकून असलेल्या विकासनी त्या भरात ही जुनी गाडी घेतली. बैलगाडीनंतर कदमांच्या घरात आलेलं हे पहिलंच वाहन. पेट्रोल परवडत नसल्यामुळे ऑफिसला ते बसनेच जात. गाडी फक्त रविवारी निघे; म्हणजे, निघणं अपेक्षित असे.

पहिल्या रविवारनंतर बॅटरी अफझलगंजच्या मेकॅनिक शब्बीरभाईंकडे गेली. "एक सेल गया साब," ते म्हणाले आणि त्यांनी सेल बदलला. दुसऱ्यांदा डायनॅमोचे ब्रश बदलले. तिसऱ्यांदा त्यांनी अख्खी गाडीच दोन दिवस ठेवून घेतली. त्यांच्याकडे ती रेसच्या घोडीसारखी एका हाकेत उठे.

"बुरा नक्को मानो साब," शब्बीरभाई हात पुसत म्हणाले, "बीमारी गाडी में नइं है. आपके घर में है."

तरी त्यांनी उपाय दिला. करंट कुठेतरी गळत असेल, तर रविवार सोडून बॅटरीची तार काढूनच ठेवायची. हे ऐकून विकासचे वडील नामदेवराव, वय पंचाहत्तर, हिरिरीने पुढे आले. पन्नास साली परभणीकडची शेती भावाला देऊन ते हैदराबादेत नोकरीला आले होते. पण यंत्राची आवड त्यांच्यात कधी दिसली नव्हती.

"पाना माझ्याजवळ दे," ते म्हणाले. "तारेचं मी बघतो. तू हापिसात जा बिनघोर."

या वयात वडील गाडीत एवढं लक्ष घालतात हे पाहून विकासना भरून आलं. तार आठवडाभर काढलेली होती. आणि आज, चौथ्या रविवारी, पुन्हा तेच खाकरणं.

"समोरचे अप्पाराव मागतायत ना?" माधवी उतरत म्हणाली. "पुढच्या रविवारी देऊन टाका. या गल्लीत माझी आता काही इज्जतच राहिली नाही."

अप्पाराव तांदळाचे व्यापारी. ते लगेच हो म्हणाले. विकासनी आठवडाभर जेवताना गाडीचा विषय काढला नाही.

शुक्रवारी बँकेतला संप दुपारी उशिरा मिटला, पण काम करण्याइतपत कुणी सावरलं नव्हतं. विकास नेहमीपेक्षा लवकर, सहालाच घरी परतले. फाटकाशी ते थबकले. गाडीच्या दाराबाहेर, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा, वडिलांच्या वहाणा जोडून ठेवल्या होत्या. आत पुढच्या सीटवर नामदेवराव मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. डॅशबोर्डमधल्या रेडिओवर खरखरीतून एक बाई सांगत होती, "...ही आकाशवाणी परभणी..." घरातल्या ट्रान्झिस्टरवर या केंद्राची नुसती शिट्टी वाजायची. गाडीच्या लांब एरियलला ते लागत होतं.

कार्यक्रम संपला. नामदेवरावांनी उतरून, बॉनेट उघडून, पान्याने तार जिथल्या तिथे काढून ठेवली. विकास पाऊल न वाजवता मागे फिरले आणि इराण्याकडे दोन चहा पिऊन नेहमीच्या वेळी घरी आले.

रविवारी अप्पाराव नोटांची पिशवी घेऊन हजर झाले. विकास अगदी निर्धास्त होते. आठवडाभर परभणी ऐकलेली बॅटरी उठणार नाही, गिऱ्हाईक आपोआप जाईल. त्यांनी आरामात किल्ली फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. विकास घाबरून वडिलांकडे बघू लागले.

"काल तुम्ही लग्नाला गेलात ना," नामदेवराव हळूच म्हणाले, "तवा बॅटरी रिक्षात घालून शब्बीरकडून भरून आणली. सौद्याच्या टायमाला तुझी मान खाली नको."

"अप्पारावजी, इसमें खराबी है," विकास घाईने म्हणाले.

"चल तो रही है."

"आज चल रही है. हर इतवार को मरती है. आपने खुद ढकली है!"

"समझ गया," अप्पाराव मिशीत हसले. "दूसरा गिराक मिल गया आपको. चलो, दो हजार और."

"बॅटरी खराब, डायनॅमो खराब, वायर लीक!"

"तीन हजार!"

"अहो, घ्या की!" माधवी दारातून म्हणाली. विकास तिच्याजवळ गेले आणि दोन वाक्यं कानात बोलले. माधवीने सासऱ्यांकडे पाहिलं. मग ती पदर खोचून पुढे आली.

"अप्पाराव गारू, गाडी नहीं बेचनी. मेरे को ढकलने की आदत हो गई."

अप्पाराव पिशवी सावरत परतले. अशी कोणती गाडी आहे जिला धनी शिव्या देतो तरी सोडत नाही, याचा त्यांना दिवसभर उलगडा झाला नाही.

संध्याकाळी सहाला विकास म्हणाले, "चला बाबा, गाडीत बसू. इंजिन चालू ठेवतो, म्हणजे बॅटरी उतरणार नाही."

नामदेवराव वहाणा काढून आत बसले. रेडिओ लागला. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काय धडधड लावलीस? काही ऐकू येईना. बंद कर ते."

विकासनी इंजिन बंद केलं. बाजारभाव सुरू झाले. कापसाचा भाव ऐकून नामदेवरावांनी खिन्नपणे मान हलवली.

"पडला," ते म्हणाले. "थांबायला पायजे होतं. विकायची घाई केली लोकांनी."

चाळीस वर्षांत त्यांच्याकडे कापसाचं एक बोंडही नव्हतं.

"हो ना," विकास म्हणाले आणि आवाज थोडा वाढवला.