दमयंतीचे धवले

साखरपुड्याच्या दिवशी अरुंधतीबाईंनी सहज विचारलं, "हळदीला धवले गायला तुमच्याकडे कोण येतं?"

दमयंती बोलून गेली, "आमाला बाहेरून धवलारीण आणावी लागत नाय. आमच्या घरात मीच गाते."

तिला धवल्याची एक ओळही येत नव्हती. पण होणारी सून निशा शिकलेली, तिची आई अरुंधतीबाई पनवेलात लिफ्टच्या इमारतीत राहणारी. त्यांचं घर पाहून आल्यापासून आपल्याकडेही काही दाखवण्यासारखं असावं, असं दमयंतीला वाटत होतं. पूर्वी खाडीकाठच्या प्रत्येक आळीत लग्नाचे धवले गाणारी एक तरी बाई असे. नवरा पाटावर बसला की तिचा आवाज निघे आणि मागोमाग सगळ्या बायांचा. आता गावात एकट्या गुणाबाई उरल्या होत्या, आणि दमयंतीची बढाई त्यांच्या कानावर दुसऱ्याच दिवशी गेली.

दमयंती हळदीचं आमंत्रण घेऊन गेली, तेव्हा त्या पडवीत वाल सोलत होत्या.

"मावशी, येशील ना?"

"येते की. जेवाला येते."

"आन् धवले?"

"तू गातेस ना? मंग मी कशाला घसा फोडू?"

"चुकलं माजं, मावशी. पोराची हळद हाय."

"ते इथं नको बोलू. विहिणीसमोर बोल, मला येत नाय. तवा मी तोंड उघडते."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. काशिराम म्हणाला, "मंग बोल ना."

"आन् विहिणीसमोर माजं नाक?"

"नाकानं कुनी गात नाय."

शेवटी नवऱ्या मुलानेच, प्रणितने, तोड काढली. मोबाइलवर कुणीतरी गायलेल्या धवल्यांचा व्हिडिओ होता. "आये, स्पीकर पाटाखाली ठेवतो. पाटावर बसताना माझा मोबाइल लावून देतो, तो तू कमरेला खोच. गाणं सुरू झालं की फक्त तोंड हलव."

दोन्ही घरची हळद एकाच लॉन्सवर होती. प्रणित आणि निशा पाटावर बसले, बायांनी कडं केलं. पुढच्या रांगेत गुणाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. दमयंतीने डोळे मिटले. आवाज निघाला आणि काय आवाज! एका आजीने डोळ्यांना पदर लावला. अरुंधतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती तयारी आहे आमच्या विहीणबाईंची."

दमयंतीला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. म्हणून दोन कडव्यांनंतर जाडसर पुरुषी आवाजात "विमानतळापासून अवघ्या काही मिनिटांवर दोन बेडरूमचा प्रशस्त फ्लॅट! आजच बुक करा!" असं ऐकू आलं, तेव्हाही ती डोळे मिटून भक्तिभावाने तोंड हलवत होती.

"आये, बंद कर!" प्रणित पुटपुटला.

तिने घाईघाईने मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. तो त्याच्याच अंगठ्याने उघडत असे आणि अंगठा हळदीने माखला होता. त्याने लुंगीला पुसला. लुंगी त्याहून पिवळी. तेवढ्यात जाहिरात संपून धवला पुन्हा सुरू झाला. दमयंतीचं तोंड मात्र आता बंद होतं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. दमयंतीने पाटाखालचा स्पीकर ओढून बटण दाबलं आणि सरळ अरुंधतीबाईंसमोर उभी राहिली.

"विहीणबाई, मला धवल्याची एक ओळ येत नाय. मोठेपणासाठी खोटं बोलले. गुणामावशीला येतात. तिच्यासारखं या गावात कुनाला येत नाय."

गुणाबाईंनी तोंडातलं पान गालात सारलं, हाताची घडी सोडली आणि गायला सुरुवात केली. आवाज म्हातारा होता, मध्येच फाटत होता. पण बाया मागून म्हणू लागल्या. दमयंतीही म्हणू लागली, चुकत चुकत, मोठ्याने.

अरुंधतीबाई हळूच तिच्याजवळ सरकल्या. आता बोलणी ऐकावी लागणार, म्हणून दमयंतीने मान खाली घातली.

"विहीणबाई," त्या कानात कुजबुजल्या, "पुढच्या महिन्यात आमच्या धाकटीची हळद आहे. तिच्या सासूला मीही सांगून बसलेय, धवले मीच गाते म्हणून."

दमयंतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेतला. "सांगून टाका खरं. लय हलकं वाटतं बघा."

"हो, सांगीनच," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण त्या जाहिराती बंद करता येतात का हो?"