सबनीसांची हद्द

सबनीसांकडे गेलं की चहाआधी त्यांची हद्द चालावी लागते. पाऊस असो, वारा असो, पाहुण्याच्या पुढ्यात गमबूट ठेवायचे, खिशातून घडी घातलेला नकाशा काढायचा आणि म्हणायचं, "चला, आधी बघून घ्या." मी दोनदा घसरून पडलोय. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा सबनीस वाकून म्हणाले, "लागलं नाही ना? बरोब्बर माझ्या कोपऱ्यावर पडलात."

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या कारखान्यात ते वैद्यकीय उपकरणं तपासतात. पुण्यात मालकानं कोर्टातून त्यांच्या वडिलांच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. त्यामुळे इथे तलावाकाठी घरासकट पाऊण एकर जागा घेतली, तेव्हा त्यांनी आधी हद्द मोजली, घर आतून धड पाहिलंही नाही. "लेक कशी आहे?" विचारलं, की इंग्रजीतला 'लेक' म्हणजे तलाव समजून पाणी किती चढलंय ते सांगत. खरी लेक डब्लिनला नोकरीत. ती फारशी यायची नाही. बायको तर इथे यायच्या आधीच गेलेली.

शेजारी पॅट, पंचाहत्तरीचा. रोज सकाळी सबनीसांच्या जागेतून पाण्यापर्यंत जायचा, दहा मिनिटं उभा राहायचा, परत यायचा. पहिलं वर्षभर सबनीस त्याला परतताना चहाला थांबवायचे. मग एक दिवस त्यांनी नकाशा नीट वाचला. त्यात पॅटची पायवाट नव्हती.

"चाळीस वर्षांची वहिवाट आहे म्हणतो," मी म्हटलं. "जाऊ द्या की त्याला."

"आज पाय, उद्या होडी, परवा त्याचा पुतण्या. नकाशात दाखवा, लगेच देतो."

फाटक बसलं, कुलूप लागलं. वकिलांची पत्रं सुरू झाली. सबनीस पॅटचं नावही घेईनात. इथल्या लोकांसारखं "युअर मॅन", म्हणजे 'तो बाबा', म्हणू लागले. गावातल्या दुकानात त्यांच्याशी कुणी हवेबद्दलही बोलेना. आयर्लंडमध्ये हे म्हणजे वाळीत टाकणंच.

सुनावणीच्या आधीच पॅट गेला. हृदय बंद पडलं.

सबनीसांनी मला अंत्यविधीला सोबत नेलं. आम्ही चर्चमध्ये अगदी मागे उभे होतो. पाद्री बोलता बोलता म्हणाले, पॅटचा धाकटा भाऊ तरुणपणी त्या तलावात बुडाला, सापडला नाही. ज्या काठावरून त्याची होडी सुटली, तिथे पॅट रोज जायचा. सबनीसांनी माझा दंड धरला. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

बाहेर पॅटची बायको नोरा सगळ्यांशी हात मिळवत होती. ती आपला हात मागे घेईल असं मला वाटलं. पण ती सबनीसांना एवढंच म्हणाली, "तुम्ही आलात, बरं झालं." ते त्यांना जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर फाटक उपटलेलं होतं. वाट कायमची लिहून द्यायला सबनीसांनी वकिलांना सांगितलं होतं. नोराला ते हाताला धरून उतारावरून पाण्यापाशी घेऊन गेले. ती प्रार्थना करू लागली, तसे दहा पावलं मागे आले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

हळूच मला म्हणाले, "पॅट मला विचारायचा, बायको कशी होती तुझी. बसून ऐकायचा. दुसऱ्या कुणी विचारलं नाही हो."

आम्ही पाच वर्षं शेजारच्या टेबलांवर काम करतोय. मीही विचारलं नव्हतं.