मखमली अंगरख्यात कोठार गुदमरले, त्याची हकीकत

श्रीगजवदनाचे स्मरण करून, कुलस्वामिनीस दंडवत घालून, घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास. तिसऱ्या मजल्यावरील एका राज्यात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मातोश्री कुसुमावतीबाई यांचा अंमल आणि सूनबाई मैथिलीबाई यांजकडे कारभार. तों परमुलखीच्या क्लाऊडवाल्यांचा निरोप आला की, जागा भरली, जुने पुसा. पाहतात तो सर्वांत जुना ऐवज मातोश्रींच्या लग्नाची चित्रफीत! मूळ कॅसेट बुरशीने खाल्लेली, आणि कैलासवासी थोरल्या धन्यांचा आवाज जगात तेवढाच उरलेला. मग मैथिलीबाईंनी मनाशी मसलत केली की, परक्याच्या दारी किती दिवस राहावे, आपले कोठार आपणच बांधावे. मग माळ्यावरचा जुना संगणक उतरविला, आणि धूळ झाडली, आणि दोन नव्या हार्ड डिस्क बसविल्या, की एक पडली तर दुसरीने राज्य राखावे, आणि सारे फोटो, गाणी, चित्रफिती आत घेऊन क्लाऊडवरचे पुसून टाकिले. सर्व्हर सिद्ध जाहला. बाई हर्षाने एकट्याच टाळ्या पिटत्या जाहल्या.

दसऱ्यास सोयरेधायरे जमले, चित्रफीत टीव्हीवर लागली. मातोश्री नेहमी सांगत की, "आमच्या ह्यांनी असा उखाणा घेतला, मांडव दणाणला!" परंतु चित्रफीत कोणी पुरती पाहिली नव्हती, आणि तो उखाणा कोणी ऐकिला नव्हता. चित्रात थोरले धनी मुंडावळ्या सावरून उभे राहिले, आणि तोंड उघडले, आणि पडदा काळा जाहला.

"वहिनी, अगं पुसलंस की काय सगळं?" नणंद विभावरीबाई किंचाळल्या. मैथिलीबाई धावत आतल्या खोलीत गेल्या, तो काय पाहतात! त्या राज्याचा दंडक ऐसा की, यंत्र म्हणून उघडे ठेवू नये. मिक्सरास झगा, वॉशिंग मशीनास झूल, रिमोटासही प्लास्टिकचा सदरा. त्या रीतीने सर्व्हर जांभळ्या मखमलीत, जरीकाठासह, नाडी आवळून बसलेला, आणि हात लावावा तो तापलेला तवा.

"दसऱ्याचं नवं वस्त्र शिवलं त्याला," मातोश्री म्हणाल्या.

"आई, त्याला वारा लागतो हो!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

मग अंगरखा उतरविला, आणि मातोश्रींनी स्वतः वर्तमानपत्राने वारा घातला, आणि मैथिलीबाईंनी जीव मुठीत धरून बटण दाबिले, आणि पंखा फिरला, आणि दोन्ही डिस्क शाबूत निघाल्या! बाईंस रडू आले, हसूही आले. पुन्हा चित्र लागले. थोरले धनी तोंड उघडून उभे राहिले ते उभेच. मग कान खाजवून बोलिले, "पाठ केलेला विसरलो बुवा. हिचं नाव कुसुम. मला फार आवडली." मांडव दणाणला तो हसण्याने! इकडचा दरबारही लोटपोट जाहला.

"आई, आणि तुम्ही इतकी वर्षं काय सांगत होता?"

मातोश्री लाजून लाल जाहल्या. "ह्यांना कुणी हसू नये म्हणून सांगत होते. आता हसलात ना? पुन्हा लाव गं."

येणेप्रमाणे कोठार उभे राहिले, ऐवज राहिला, थोरल्या धन्यांची अब्रू तेवढी गेली, आणि सर्वांस परम आनंद जाहला.