हॉलमधली केबिन

“चाळीस वर्षं मी माल लावलाय, बाई! जागा कमी पडली, असं माझ्या तोंडून एकदा तरी ऐकलंस?”

स्टोअरसाहेबांनी हा प्रश्न हॉलच्या मधोमध उभं राहून विचारला. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात निळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. रंगाच्या कारखान्याचं गोदाम त्यांनी उभी हयात सांभाळलं होतं आणि निवृत्त झाले तरी लोक त्यांना स्टोअरसाहेबच म्हणत. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. निम्मी गल्ली तिच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे तिला ‘बाई’ म्हणत. आणि सगळेच म्हणतात म्हटल्यावर स्टोअरसाहेबही म्हणत.

“मालाने कधी तक्रार केली नसेल,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

प्रकरण असं होतं. बाईंनी आयुष्यभर भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून महासागर दाखवले होते. प्रवाह, खोली, वारे, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात पाहिला होता तो गुडघाभर पाण्यातला किनारा, तोही शाळेच्या सहलीत, मुलं मोजता मोजता. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाला न विचारता आपला फंड काढला आणि एका मोठ्या जहाजावरची केबिन ठरवून टाकली. साडेतीन महिन्यांचा परदेशप्रवास! केबिन एक, माणसं दोन. दुसरं माणूस कोण, इथे घोडं अडलं होतं.

“कोण म्हणजे? मी!” स्टोअरसाहेब म्हणाले होते.

“तुम्ही या खोलीत, तर मी त्या खोलीत, म्हणून आपलं आजवर निभावलं,” बाई म्हणाल्या होत्या. “तिथे दुसरी खोली नाही. दुसरीकडे पाय टाकला की पाणी.”

“मग?”

“मग आठवडाभर राहून दाखवा. हॉलमध्ये केबिनएवढी जागा आखू. भांडण झालं नाही, तर तुम्ही. झालं, तर धाकटी.”

धाकटी म्हणजे बाईंची बहीण. तिचं नाव निघताच स्टोअरसाहेबांनी परीक्षा कबूल केली. एकच अट घातली. “हे कुणाला सांगायचं नाही! लेकीलासुद्धा नाही!”

बाईंनी मान डोलावली. अट का घातली, हे त्यांना न सांगता कळलं. बायको बहिणीला घेऊन जगाच्या सफरीवर गेली आणि नवऱ्याला कुंड्यांना पाणी घालायला ठेवून गेली, हे गल्लीत फुटलं असतं, तर स्टोअरसाहेबांना केस कापायलासुद्धा दुसऱ्या गावी जावं लागलं असतं.

तर पट्टी लागली. माहितीपत्रकातलं माप स्टोअरसाहेबांनी तंतोतंत उतरवलं. आत पलंग आला, एक खुर्ची आली, दोन बॅगा आल्या. पट्टीत एक फट ठेवली, ते दार. स्वयंपाकघर म्हणजे जहाजाचं भोजनगृह, मोरी म्हणजे मोरी. उरलेला हॉल, सोफ्यासकट, समुद्र.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी पलंगावरून वाकून टीपॉयवरचा चष्मा उचलला.

“बाई! हात भिंतीतून गेला!”

“कुठे?”

“आता, माझ्यासमोर! दारातून जायचं, वळसा घालायचा आणि चष्मा घ्यायचा.”

“चष्मा समुद्रात आहे,” बाई म्हणाल्या. “वळसा घालून गेले तरी बुडणारच.”

स्टोअरसाहेबांनी मोजपट्टी टीपॉयपर्यंत धरून पाहिली. शेवटी समुद्रात पडलेली वस्तू गेली असंच समजावं, असा त्यांनी निवाडा दिला, आणि बाईंनी ती संध्याकाळ चष्म्यावाचून काढली. भांडण मात्र झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपडे लावले. लावले म्हणजे गोदामात लावत तसे! पलंगाखाली एकावर एक थप्प्या, बाईंच्या कपड्यांच्या डावीकडे, स्वतःच्या उजवीकडे, मध्ये हवा खेळायला वीतभर जागा. बघणाऱ्याने बघत राहावं असं काम. बाईंनी सुती झगा मागितला. स्टोअरसाहेबांनी वाकून लोकरीचा स्वेटर काढून दिला.

“अहो, उकडतंय.”

“आधी आलेला माल आधी बाहेर. हा नियम आहे. झगा नंतर आलाय.”

“झगा दिसतोय मला. तो काय तिथे!”

“थप्पीच्या मधून ओढायचं नाही, बाई. थप्पी कोसळते. चाळीस वर्षांत माझी एक थप्पी कोसळली नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ज्या नजरेने त्या वर्ग शांत करत, तीच ती नजर. मग त्यांनी स्वेटर अंगात घातला आणि घाम पुसत वाचत बसल्या. स्टोअरसाहेब मनातून खूश झाले. निम्मा पेपर सुटलाच, असं त्यांनी धरून टाकलं.

घोटाळा झाला तो वाऱ्यामुळे. केबिनला समुद्राचा वारा हवा, म्हणून स्टोअरसाहेबांनी घराचं खरं दार सताड उघडं ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरत होत्या. त्यांना काय दिसलं? भर उन्हाळ्यात स्वेटर घातलेल्या बाई. जमिनीवर निळी पट्टी. भरलेल्या बॅगा. आणि कमरेवर हात ठेवून बोलणारे स्टोअरसाहेब:

“आठवडा संपू दे. निकाल लागला की तू मोकळी, मी मोकळा!”

काकू उंबऱ्याशी थबकल्या. “अगं बाई! बरं आहे ना सगळं?”

“उत्तम आहे,” स्टोअरसाहेब म्हणाले.

“मग ही पट्टी?”

“ती हद्द आहे.”

“कुणाची?”

“ते घरातलं आहे, काकू.”

काकूंनी बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “मला विचारू नका. बोलायचं नाही, असं यांनी सांगितलंय.”

काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि खाली जायचं सोडून वर गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचली. स्टोअरसाहेब वाण्याकडे गेले, तर वाण्याने हळू आवाजात विचारलं, “साखर एकत्र बांधू, की वेगवेगळी?” इस्त्रीवाल्याने त्यांचे कपडे आणि बाईंचे कपडे दोन निरनिराळ्या गाठोड्यांत पाठवले आणि निरोप दिला की वाईट वाटलं. स्टोअरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खरं सांगितलं तर धाकटीची गोष्ट सांगावी लागणार. न सांगितलं तर घटस्फोट. त्यांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि घटस्फोट बरा, असं ठरवून तोंड मिटलं.

चौथ्या दिवशी लेक धावत आली. बरोबर नवऱ्यालाही घेऊन आली. जावई दातांचे डॉक्टर. सासुरवाडीला आले की जेवतानासुद्धा लोकांचे दात बघायची त्यांना सवय. स्टोअरसाहेब खुर्चीवर बसलेले, पाय पट्टीच्या आत ओढून घेतलेले.

“बाबा, हे काय चाललंय?” लेकीचा आवाज भरून आला.

“काही नाही. राहतोय.”

“इथे? एवढ्याशा जागेत? आणि आईची जागा कुठली?”

“तिचीही हीच. दोघांत मिळून एवढीच आहे.”

“आणि बाकीचा हॉल कुणाचा?”

स्टोअरसाहेबांनी बराच विचार केला. “कुणाचाच नाही,” ते म्हणाले. “तिकडे जाता येत नाही. तू आत्ता उभी आहेस ना, तिथे खरं म्हणजे उभं राहता येत नाही.”

लेकीने खाली पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या मनातला घटस्फोट जागच्या जागी विरला आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलं. “अहो,” ती कुजबुजली, “बाबांना जरा तपासा ना.”

“मी? मी दातांचा आहे!”

“डॉक्टरच आहात ना?”

जावई पुढे झाले. पट्टी ओलांडणार, तोच स्टोअरसाहेब ओरडले, “दारातून, जावईबापू! दारातून!” जावई दचकून मागे सरले, फट शोधली आणि अंग चोरून आत शिरले. आता पुढे काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सवयीने ते म्हणाले, “आ करा.”

स्टोअरसाहेबांनी आ केला.

“खालची दाढ हलतेय,” जावई गंभीरपणे बायकोला म्हणाले.

“डोक्याचं बघा हो!”

“हं. बाबा, आपण आत्ता कुठे आहोत?”

प्रश्न फार अवघड होता. खरं उत्तर दिलं तर परीक्षा फुटते, खोटं दिलं तर डोकं फिरलेलं ठरतं. स्टोअरसाहेबांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं.

“ते अजून नक्की नाही,” स्टोअरसाहेब म्हणाले. “आठवड्याच्या शेवटी कळेल.”

लेकीने रडत मावशीला फोन लावला आणि तासाभरात धाकटी दारात हजर. ती ओरडतच आत आली. “ताई, मला आधी का नाही सांगितलंस? ऊठ! माझ्याबरोबर चल! बॅग भर! अगंबाई, भरलेलीच आहे की!” असं म्हणत ती तरातरा समुद्रातून आली, भिंतीतून आत घुसली, पलंगावर बसली आणि बसता बसता तिच्या टाचेचा धक्का लागून पलंगाखालची उजवीकडची थप्पी कोसळली.

चाळीस वर्षांत पहिली! स्टोअरसाहेब उभे राहिले. गळ्यापर्यंत आलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

“नाही नेणार तू हिला! भिंतीतून आलीस, माल पाडलास, आणि वर हिला न्यायला निघालीस! मी चार दिवस या खुर्चीत पाय आखडून बसलोय, ते काय वेड लागलंय म्हणून? ही जहाजाची केबिन आहे! साडेतीन महिने हिला समुद्र बघायला जायचंय, आणि मला न्यायचं की तुला, याची परीक्षा चाललीय! लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. साखर वेगळी बांधू देत! साडेतीन महिने या घरात मी एकटा काय करू? त्या खोलीत गेलो तरी ही या खोलीत आहे, हे मला ठाऊक असतं, म्हणून मी जातो. ही कुठेच नसली, तर मी कुठल्या खोलीत जाऊ? मला हिच्याबरोबर जायचंय!”

लेकीने डोळे पुसले, या वेळी निराळ्या कारणाने. जावई फटीतून आदबीने बाहेर पडले.

धाकटीच आधी भानावर आली. “मला? जहाजावर?” ती म्हणाली. “भाऊजी, बादलीतलं पाणी हललं तरी मला गरगरतं. ताईने विचारलं, त्याच दिवशी मी कानावर हात ठेवले.”

स्टोअरसाहेब हळूहळू बाईंकडे वळले. बाईंनी पुस्तक मिटलं होतं. स्वेटरही काढला होता.

“म्हणजे धाकटीने आधीच नाही म्हटलं होतं?”

“हो.”

“मग दुसरं नाव कुणाचं दिलंस?”

“तुमचंच. पैसे भरले, त्याच दिवशी.”

स्टोअरसाहेबांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही. ओरडल्यामुळे भांडण झालं असं धरायचं, तर त्यालाही आता अर्थ उरला नव्हता. “म्हणजे मी पासच होतो!” ते म्हणाले. “सुरुवातीपासून!”

“नाही,” बाई म्हणाल्या. “परवा मी एजंटकडे तुमचं नाव काढायला गेले होते. तो म्हणाला, आता बदलता येत नाही.”

लेकीने तोंड फिरवलं. जावयांना खोकला आला. स्टोअरसाहेब मात्र खुर्चीत टेकले, पाय लांब करून, आणि समाधानाने मान हलवत राहिले.

“तरी म्हटलं,” ते म्हणाले, “परवा भाजीला दोन तास कसे लागले. आणि पिशवी रिकामी.”